रोजचा सूर्य

२२ जानेवारी १८९८ च्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून वऱ्हाडाकडे महाराष्ट्र कापत गेली. विजयदुर्गला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. तिथले ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. सोलापूर लायनीवरच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन उतरले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही जेऊरजवळच होते. आणि तिकडे वऱ्हाडात, तळणी स्टेशनापाशी आलेल्या इंग्लंडच्या तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचा एक हौशी निरीक्षक होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी माणसं समुद्र ओलांडून आली होती.

यातल्या दोघांच्या वाटा पुढे एकाच डोंगरावर पोचल्या. एव्हरशेड १९०७ मध्ये तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत नोकरीला आले. नायगमवालांची पुण्यातली मोठी दुर्बीण १९१२ मध्ये तिथं गेली. मी त्या वेधशाळेत गेले ती मात्र ग्रहणासाठीही नाही आणि दुर्बिणीसाठीही नाही. मला तिथल्या काचा बघायच्या होत्या.

माझं काम जुन्या छायाचित्रांच्या जतनाचं, त्यातही काचेवरच्या निगेटिव्हचं. फिल्म येण्याआधी, आणि आल्यानंतरही बरीच वर्षं, छायाचित्रकार जिलेटिनचा थर दिलेली काच वापरत. त्या थरात चांदीचे कण असतात आणि चित्र म्हणजे तेच कण. काच टिकते, थर नाजूक असतो. दमट हवेत त्याला बुरशी धरते, कडेनं तो सुटून वर उचलला जातो, जुन्या कागदातल्या आम्लानं कडांवर चांदी वर येते आणि आरशासारखी चमकू लागते. काच नेहमी कडांनी धरायची. तिरपी करून बघितली की चकचकीत बाजू काचेची आणि मंद बाजू थराची, हे ओळखता येतं. ओला बोळा लावायचा तो फक्त चकचकीत बाजूला, थराला मऊ ब्रशपलीकडे काही नाही. मग आम्लरहित कागदाच्या, चारही बाजूंनी दुमडणाऱ्या पाकिटात घालून ती लांब कडेवर उभी ठेवायची. तडकलेली असेल तर मात्र आडवी. हे सगळं हाताला वळण पडलं की जमतं.

या कामातली अवघड गोष्ट निराळी आहे. ठेवायचं काय आणि टाकायचं काय, हे दर वेळी कोणीतरी मला विचारतं. काचा जड असतात, जागा खातात, पाकिटं आणि कपाटं महाग पडतात. त्यामुळे संग्रह कोणाचाही असो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: महत्त्वाच्या तेवढ्या निवडून द्या. एका संस्थेत मी पोचण्याआधीच ही निवड उरकली होती. समितीनं यादी केली होती. पाहुणे, पदाधिकारी आणि इमारती ठेवल्या. ज्यांची नावं कोणालाच ओळखता येत नव्हती अशा मुलांचे वर्षावर्षाचे वर्ग, प्रयोगशाळा आणि मैदान भंगारात गेलं. काच धुऊन तसबिरींना लावता येते, म्हणून भंगारवाल्यानं भावही बरा दिला असावा. नावं न उरलेली ती मुलं आठवली की मला आजही राग येतो.

कोडाईकनालला जायचं ठरलं तेव्हा माझ्यासमोर पुण्यातल्या एका जुन्या स्टुडिओच्या पेट्या होत्या. स्टुडिओ केव्हाच बंद झालेला. मालकांचा नातू भला माणूस. तो म्हणाला, “ताई, यातल्या चांगल्या तेवढ्या ठेवू. बाकी काय, नुसते लोक बसलेत.” मी त्याला थांबायला सांगितलं.

बत्तलगुंडूहून घाट चढायला लागलं की तासाभरात हवा बदलते. वेधशाळा गावापासून बाजूला, उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून २३४३ मीटरवर. आजूबाजूला निलगिरी आणि वॅटलची झाडं. बारा वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कुरिंजीचा हा डोंगर. शेवटचा मोठा बहर २०१८ मध्ये आला होता. पर्यटकांसाठी एक छोटं संग्रहालय आहे आणि बहुतेक लोक ते बघून पुढे पिलर रॉक्सकडे जातात.

ही जागा इथं का आली, याचं मूळ एका दुष्काळात आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं आपल्याकडे पुणे, नगर, सोलापूरचा भाग होरपळला आणि मद्रास इलाख्यात तर गावंच्या गावं मेली. १८७७ मध्ये लॉकियर आणि सरकारी अधिकारी विल्यम हंटर यांनी सौरडाग आणि दुष्काळ यांची सांगड घालणारा लेख लिहिला. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात हे तोवर माहीत झालं होतं. पाऊसही त्याच चक्रात फिरत असेल तर पुढचा दुष्काळ आधीच ओळखता येईल, अशी ती आशा होती. त्यासाठी सूर्याकडे रोज बघणारं कोणीतरी हवं होतं. मद्रासला १७९२ पासून कंपनी सरकारची वेधशाळा होती, पण तिचं काम ताऱ्यांचं. तिथले प्रमुख नॉर्मन पॉगसन १८९१ मध्ये वारले. त्यांच्यानंतर आलेल्या चार्ल्स मिची स्मिथ यांनी दक्षिणेतले डोंगर तपासून कोडाईकनालची शिफारस केली. १८९५ मध्ये गव्हर्नर वेनलॉक यांनी पायाभरणी केली आणि १८९९ मध्ये वेधशाळा कामाला लागली.

डागांवरून पावसाचं भाकीत करण्याची आशा काही फळली नाही. मान्सून त्या चक्राला बांधलेला निघाला नाही. सरकारी खात्यात एखाद्या कामाचं मूळ कारणच गेलं की ते काम बंद पडतं, आणि तसं झालं असतं तर कोणी दोष दिला नसता. इथं रोजचा सूर्य टिपणं थांबलं नाही. या वेधशाळेबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचा.

सकाळी घुमटात नेणारे गृहस्थ तिथले जुने तंत्रज्ञ. तमिळ माणूस, आमची भाषा इंग्रजी, मध्येच हिंदी. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना सर. दोर ओढून त्यांनी घुमटाची फट उघडली. आतली दुर्बीण सहा इंच व्यासाची, पॅरिसच्या लेरबूर आणि सेक्रेताँ यांनी १८५० मध्ये घडवलेली. आधी ती मद्रासला होती. डब्लिनच्या ग्रब कंपनीनं तिची नव्यानं बांधणी केल्यावर ती इथं सूर्याची साधी, पांढऱ्या प्रकाशातली छायाचित्रं काढण्यासाठी लागली. तिच्यातून सूर्यबिंब आठ इंची होतं. म्हणजे चित्र हातात धरून डागांच्या कडा नुसत्या डोळ्यांनी बघता येतात.

सकाळची वेळ का, तर उन्हानं जमीन तापली की हवा थरथरते आणि सूर्याची कड उकळल्यासारखी दिसू लागते. शिवाय डोंगरावर दुपारकडे ढग दाटतात.

“ढग सकाळीच असले तर?” मी विचारलं.

“थांबायचं. फट मिळाली की घ्यायचं. नाहीच मिळाली तर वहीत ढग असं लिहायचं.”

“आणि सूर्यावर डागच नसेल तर?”

“तरी घ्यायचं.”

“एकही नसेल तरी?”

“मग तर नक्की घ्यायचं, मॅडम. आज डाग नव्हता, हे पुढं कोणाला कसं कळणार?”

ते हे अगदी सहज बोलले, कारण त्यांच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र तिथंच अडकले. माझ्या सगळ्या कामाच्या उलटं हे वाक्य होतं. माझ्याकडे येणारा प्रत्येकजण ज्यात काहीतरी आहे अशी काच शोधतो. इथं ज्यात काही नाही ती काचही तितक्याच काळजीनं काढत, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहीत आणि रांगेत ठेवत.

१९१३ या वर्षात तीनशेहून अधिक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. त्या वर्षी कोडाईकनालला काम करणाऱ्या सहायकांचा मी बराच विचार केला. रोज सकाळी डोंगरावरच्या थंडीत घुमट उघडायचा, काच बसवायची, उजेड घ्यायचा, अंधाऱ्या खोलीत ती धुवायची, वाळवायची, आणि वर येणार काय, तर एक स्वच्छ गोल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांच्या साहेबांची नावं पुस्तकांत आहेत, या सहायकांची वेतनपत्रकांतच राहिली असतील. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, सूर्य पुन्हा तसा दीर्घकाळ डागांवाचून राहिला तेव्हा अभ्यासकांना तुलनेसाठी १९१३ आठवलं. त्या रिकाम्या दिवसांची नोंद होती म्हणून ही तुलना करता आली.

दुसरं उपकरण म्हणजे स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. ते समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर मी त्याच्या प्रेमात पडले. आरसा सूर्याचा प्रकाश एका भिंगाकडे पाठवतो आणि भिंग साठ मिलिमीटरचं सूर्यबिंब एका अरुंद फटीवर पाडतं. फटीतून बिंबाची एक उभी पट्टी तेवढी आत जाते. लोलकातून तिचा वर्णपट पसरतो. तिथं दुसरी फट असते. ती त्या वर्णपटातली एकच रेषा पुढे जाऊ देते. बाकीचा सगळा प्रकाश अडतो. मग सूर्यबिंब पहिल्या फटीवरून हळूहळू सरकवायचं आणि त्याच गतीनं काच दुसऱ्या फटीमागून. दाराच्या फटीतून वरात बघावी तसा सूर्य एकेका पट्टीनं येतो, फरक इतकाच की काच प्रत्येक पट्टी धरून ठेवते आणि शेवटी अख्खं बिंब जुळतं, तेही एकाच रंगातलं.

कोडाईकनालला १९०४ मध्ये केंब्रिजहून हे यंत्र आलं. कॅल्शियमच्या ‘के’ रेषेत, म्हणजे ३९३.४ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात, सूर्य टिपायला सुरुवात झाली. १९१२ पासून हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशातही. साध्या चित्रात सूर्य गुळगुळीत दिसतो. कॅल्शियममध्ये तोच सूर्य खडबडीत होतो. डागांभोवती उजळ पट्टे दिसतात, ज्यांना प्लाज म्हणतात, आणि सगळ्या बिंबावर बारीक तेजस्वी जाळी पसरलेली असते. हायड्रोजनमध्ये काळ्या दोऱ्यांसारखे वायूचे पट्टे आणि कडेला उसळलेले लोळ दिसतात.

अशी एक काच लाइट टेबलवर ठेवून मी भिंगातून बघितली तेव्हा आधी सूर्य दिसलाच नाही, माझ्या सवयीनं मला काच दिसली. थराच्या कोपऱ्यातला अंगठ्याचा ठसा. शाईनं, हातानं लिहिलेली तारीख. एका कडेला चांदीची निळसर झळाळी. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कारण ओतताना थरात धूळ राहिली की ती पडतात. बिंबावरून आडव्या गेलेल्या रेषा कशाच्या, हे तंत्रज्ञांनी दाखवलं. फटीत धुळीचा कण बसला की तो सगळ्या चित्रभर आपली रेघ ओढत जातो. एका काचेवर अर्ध्या बिंबावर ढगाची सावली होती. माझ्या क्षेत्रातल्या कोणीही ती ‘खराब’ म्हणून बाजूला काढली असती. इथं ती आपल्या तारखेच्या जागी उभी होती.

जॉन एव्हरशेड यांच्या पत्नी मेरी यांनी सूर्याच्या कडेवरच्या वायूच्या लोळांचा पाठपुरावा इथल्याच छायाचित्रांवरून केला आणि १९१७ मध्ये दोघांचा प्रबंध वेधशाळेनं छापला. दान्तेच्या काव्यातल्या खगोलावर मेरी यांनी लिहिलेला ग्रंथही त्या याच डोंगरावर राहत असताना, १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन एव्हरशेड यांचा शोध जास्त गाजलेला आहे. जानेवारी १९०९ मध्ये त्यांनी डागाच्या वर्णपटाची काच तपासली तेव्हा डागाच्या कडेच्या करड्या भागात, म्हणजे उपच्छायेत, रेषा तिरप्या झालेल्या दिसल्या. डागात वायू भोवऱ्यासारखा फिरत असेल अशी तेव्हा बऱ्याच जणांची अटकळ होती. रेषांचं तिरपेपण वेगळं सांगत होतं. डाग बिंबाच्या मध्याशी आला की ते नाहीसं होई आणि कडेकडे असला की स्पष्ट दिसे. याचा अर्थ वायू पृष्ठभागाला समांतर, डागाच्या मध्यापासून बाहेर वाहत होता, सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगानं. हा एव्हरशेड परिणाम आजही त्याच नावानं शिकवतात. डाग कडेला असताना आणि मध्यावर असताना अशी दोन्हीकडची नोंद नसती, तर हा निष्कर्ष काढता आला नसता. शोध एका माणसाचा आहे. त्याला लागलेलं खाद्य रोजच्या कामाचं.

काचांशिवाय तिथं आणखी एक साठा आहे, ज्याची मला आधी कल्पना नव्हती: हातानं काढलेले सूर्याचे तक्ते. अक्षांश-रेखांशांची जाळी छापलेल्या गोलावर त्या त्या दिवसाचे डाग, प्लाज, काळे पट्टे आणि कडेचे लोळ वेगवेगळ्या रंगांत रेखाटलेले. १९०४ पासून शतकभराहून अधिक काळ हे तक्ते बनत राहिले. काच उजेड जसा पडेल तसा घेते, तक्त्यात माणसाचा हात ठरवतो की ही कड इथं संपते. वेगवेगळ्या वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की हात बदललेला कळतो. एकाची रेघ ठाम आहे, दुसऱ्याची बारीक आणि जरा घाबरट. जतन करणाऱ्याला कागद, शाई आणि रंग यांचा प्रश्न काचेहून वेगळा असतो. मी त्या रंगांकडे पुन्हा पुन्हा वळत राहिले. यातला कुठला रंग उजेडात आधी उडेल, हे बघायची मला सवय आहे आणि तिथंही ती सुटली नाही.

बोगद्यातली दुर्बीण सगळेच आवर्जून बघतात. १९६० च्या सुमारास, वेणू बाप्पू यांनी वेधशाळेची सूत्रं हाती घेतली त्या काळात ती उभी राहिली. अकरा मीटर उंच मनोऱ्यावर आरसे, तिथून प्रकाश खाली जमिनीतल्या साठ मीटर लांब बोगद्यात. बोगदा सुंदर आहे. पण माझं मन काचांपाशीच होतं.

कारण तोवर मला एक गोष्ट समजली होती, आणि ती मला पुण्यातल्या त्या नातवाला सांगायची होती. डागांमध्ये चुंबकत्व असतं हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवलं. पण संपूर्ण बिंबाचे चुंबकीय नकाशे नियमित मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या अनेक दशकांत सूर्याचं चुंबकत्व कसं बदललं, हे मोजलेलं नाही. आता कळतं की कॅल्शियमच्या प्रकाशात जिथं उजळ दिसतं, तिथं चुंबकीय क्षेत्र असतं. म्हणजे १९०४ पासूनच्या त्या काचांवर चुंबकत्वाचा ठसा आपोआप उमटलेला आहे. आजचे अभ्यासक त्यावरून मागची दशकं भरून काढतात. इतकंच काय, सूर्याच्या ध्रुवांजवळच्या बारीक तेजस्वी जाळीवरून ध्रुवांवरच्या चुंबकत्वाचा अंदाज करतात. पुढचं डागांचं चक्र जोरदार असेल की मंद, याचा धागा तिथं असतो. १९१० मधल्या कुठल्या सहायकाला ध्रुवाकडच्या त्या फिकट ठिपक्यांत रस असणार? त्यानं मध्ये डाग कुठं आहे ते पाहिलं असेल. ठिपके आले ते चित्र पूर्ण घेतलं म्हणून. ‘महत्त्वाचा भाग तेवढा’ घेतला असता तर आज ते नसते.

या काचा एकसारख्या मात्र नाहीत. सुरुवातीच्या दशकांतल्या काचांवर उजेड मोजायची पट्टी छापलेली नाही, त्यामुळे एका वर्षाचा काळेपणा दुसऱ्या वर्षाच्या काळेपणाशी थेट जुळवता येत नाही. थर बदलले, हात बदलले, अंधाऱ्या खोलीतली रसायनं बदलली. हे सगळं निस्तरण्यात अभ्यासकांची वर्षं जातात. तरी त्यांना ते करता येतं, कारण शेजारच्या दिवसाची काच शाबूत आहे.

आणि स्कॅनिंग. माझ्या क्षेत्रात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, एकदा स्कॅन झालं की काचा कशाला हव्यात? कोडाईकनालच्या कॅल्शियम काचांचं स्कॅनिंग आधी एकदा ८ बिटमध्ये झालं होतं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा. नंतर चांगला कॅमेरा वापरून सगळं पुन्हा १६ बिटमध्ये केलं, म्हणजे ६५,५३६ छटा. ध्रुवांजवळचे फिकट ठिपके मोजायला ही दुसरी खेप लागली. पहिल्या खेपेनंतर काचा टाकल्या असत्या तर ते तपशील कायमचे गेले असते. आता लाखाहून अधिक प्रतिमा अभ्यासकांना खुल्या आहेत आणि काचाही आहेत. पुढचं यंत्र येईल तेव्हा काचा पुन्हा बाहेर काढता येतील. मी हे आता प्रत्येक संस्थेत सांगते, आकड्यांसकट.

निघण्याआधी मी नायगमवालांबद्दल विचारलं. पुण्यात त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे. १८८४ मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले, तिथं लॉकियर आणि ग्रिनिच वेधशाळेचे क्रिस्टी यांच्याशी बोलले आणि वर्णपटाच्या अभ्यासाची वेधशाळा पुण्यात काढायची असं ठरवून परतले. भावनगरच्या महाराजांनी आधीच पाच हजार रुपये दिले होते, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली होती आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो त्या जागी. ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण तिथं होती. पुढे कित्येक दशकं देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तिला भावनगर दुर्बीण म्हणून ओळखतात.

मला याचं वाईट वाटतं, आणि ते पुण्याचा अभिमान दुखावला म्हणून नाही. पुण्यात ती वेधशाळा एका माणसाच्या तळमळीवर उभी होती. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी घुमट उघडणारं कोणी नेमलेलं नव्हतं. कोडाईकनालला मिची स्मिथ निवृत्त झाले, एव्हरशेड १९२३ मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर कितीजण आले आणि गेले, घुमट उघडत राहिला. नायगमवाला बुद्धीनं एव्हरशेडपेक्षा कमी होते असं मानायला काही आधार नाही. त्यांच्या मागं ती दोर ओढणारी, पगारावरची, बिननावाची माणसं नव्हती.

पुण्यात परतल्यावर मी स्टुडिओच्या नातवाला घेऊन त्या पेट्यांपाशी बसले. म्हटलं, यातून मी काही निवडणार नाही. सगळ्या ठेवायच्या, आणि आजोबांच्या वहीतल्या क्रमानं. तो गप्प राहिला. मग खर्चाचं बोलला, आणि ते बोलणं रास्त होतं. आम्ही तडजोड केली ती काचांच्या संख्येत नाही, पाकिटांच्या वेगात: दर महिन्याला जमेल तेवढा आम्लरहित कागद घ्यायचा, तोवर बाकीच्या काचा जुन्या पाकिटांतच, पण कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत.

क्रम लावल्यावर फायदा लगेच दिसला. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता, मागं कमान आणि वेली. वर्षांगणिक तो झिजत गेला आहे. डाव्या खांबाशी आधी एक बारीक चीर, मग ती वाढलेली, मग वर ठिगळ, मग नवा पडदा. ज्या काचांवर तारीख नाही त्यांचा काळ आता त्या चिरेवरून लावता येतो. चीर दिसते ती मुख्यतः नातवाला टाकायच्या होत्या त्या काचांत, कारण नावाजलेल्या गिऱ्हाइकांच्या चित्रांत आजोबांनी चीर झाकायला खुर्ची डावीकडे सरकवलेली आहे. नातू आता स्वतः भिंग घेऊन बसतो. परवा त्यानं फोन करून विचारलं, “ताई, एक काच पूर्ण काळी आहे, काहीच दिसत नाही. हिला नंबर द्यायचा ना?” मी म्हटलं, द्या. वहीत त्या नंबरापुढं त्याच्या आजोबांनी गिऱ्हाइकाचं नाव लिहून ‘पुन्हा बोलावले’ असं टिपलेलं निघालं, आणि पुढच्या नंबराच्या काचेत तीच बाई बसलेली आहे, मांडीवर मूल घेऊन.